रडगाणं लिहिलं तर बिघडलं कुठे?

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका घरी परवा वर्षश्राद्ध झालं. जेवणं उरकल्यावर यजमानांनी आलेल्यांच्या हातात स्टीलचा डबा किंवा नॅपकिन न ठेवता एक छोटी पुस्तिका ठेवली. बायकोची केमो चालू असताना ती जी वही लिहायची ती जशीच्या तशी छापलेली, कानामात्रा न बदलता. संध्याकाळपर्यंत त्यावरून नातेवाइकांत आणि आमच्या सकाळच्या फिरायच्या मंडळींत सरळ दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणते की घरातलं असं चव्हाट्यावर आणतात का, बाई गेली बिचारी, आता तिच्या उलट्या आणि तिची चिडचिड लोकांना कशाला वाचायला द्यायची, छापायचंच होतं तर चार चांगल्या आठवणी छापायच्या. दुसरी पार्टी लिहिण्याच्या बाजूने बोलते, पण ते ऐकून मला जास्त वैताग आला. त्यांचं म्हणणं असं की लिहिल्याने मन पॉझिटिव्ह होतं, मन पॉझिटिव्ह झालं की शरीर साथ देतं, म्हणून प्रत्येक पेशंटने रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी, कृतज्ञता वगैरे लिहावं, आणि या बाईंनी रडगाण्याऐवजी तसं काही लिहिलं असतं तर... हे 'तर' पुढे कोणीच पूर्ण करत नाही, पण अर्थ सगळ्यांना बरोबर कळतो.

मला या दोन्ही पार्ट्या एकाच ठिकाणी चुकलेल्या दिसतात. दोघांनाही पेशंटचं लिखाण स्वतःच्या सोयीचं हवंय. एकाला ते दिसायलाच नको आणि दुसऱ्याला दिसलं तर चालेल पण प्रेरणादायी हवं. माझं म्हणणं साधं आहे. आजारी माणसाला आणि त्याच्या मागे राहिलेल्याला तक्रार लिहायचा पूर्ण हक्क आहे, कुरकुर, राग, उणीदुणी, पैशाचा हिशोब, सगळं, आणि त्या लिखाणाकडे औषध म्हणून न बघता साक्ष म्हणून बघावं. लिहून कॅन्सर बरा होत नाही. लिहून दुःख कमी होईलच असंही नाही. तरीसुद्धा लिहू द्यावं, आणि ते का हे मी खाली सांगणार आहे.

आधी त्या वहीत आहे काय ते बघू, कारण वाद घालणाऱ्यांतल्या निम्म्यांनी ती दोन पानांपुढे वाचलेली नाही असं मला त्यांच्या बोलण्यावरून वाटलं. केमोसोबत जे स्टिरॉइड देतात त्याने रात्री झोप उडते, तर सगळं घर झोपलेलं असताना ही बाई ओट्यापाशी उभी राहून लिहितेय. तोंड इतकं आलंय की साधा वरणभात तिखट लागतो. सासूबाईंनी काही न बोलता तिचं ताट-वाटी वेगळं ठेवायला सुरुवात केली, हा आजार शिवल्याने होत नाही असं डॉक्टरांनी समोर बसवून सांगितल्यावरसुद्धा. भेटायला येणारे पपईच्या पानांचा रस आणतात, गोमूत्र आणतात, आणि प्रत्येकाच्या ओळखीत एक 'सेम केस' असते जी आता ठणठणीत आहे. नवरा रिपोर्ट आणायला एकटा जातो, खाली जिन्यात रडतो आणि वर येऊन म्हणतो ट्रॅफिक होतं. एका पानावर नुसते आकडे आहेत, इंजेक्शन, टॅक्सी, स्कॅन, आणि खाली बेरीज न करता सोडून दिलेली. आणि एका पानावर एवढंच, की आज मला कोणाशीही चांगलं वागायचं नाहीये. आता मला सांगा, यातलं कुठलं वाक्य खोटं आहे? खोटं नसेल तर मग आपला आक्षेप नक्की कशाला आहे?

पॉझिटिव्हवाल्यांपासून सुरुवात करते, कारण त्यांच्या बोलण्यात विज्ञानाचा सूर असतो आणि तो सूर ऐकला की समोरचा गप्प बसतो. लिहिण्याने तब्येत सुधारते या कल्पनेमागे खरंच एक प्रयोग आहे. १९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या ४६ मुलांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी साध्यासुध्या विषयांवर लिहिलं, काहींनी आयुष्यातल्या सगळ्यात वाईट अनुभवावर. वाईट अनुभव आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिणारी मुलं पुढच्या सहा महिन्यांत कॉलेजच्या दवाखान्यात कमी वेळा गेली. झालं, तिथून ही गाडी सुटली ती आजच्या कृतज्ञता डायरीपर्यंत येऊन थांबली. पण मधली स्टेशनं कोणी सांगत नाही. त्या मुलांना तीन चांगल्या गोष्टी लिहायला सांगितलं नव्हतं, सगळ्यात वाईट तेच लिहायला सांगितलं होतं, आणि लिहून झाल्या झाल्या त्यांना बरं वाटलं नव्हतं, उलट त्या वेळेपुरतं जास्त वाईट वाटलं होतं. म्हणजे ज्या प्रयोगाच्या जिवावर आपण पेशंटला हसरं लिहायला सांगतोय तो प्रयोग मुळात रडगाण्याचा होता! पुढे २००६ साली अशा १४६ अभ्यासांची एकत्र छाननी झाली तेव्हा फायदा निघाला, पण अगदी बारीक. आणि निव्वळ कॅन्सर पेशंटवरच्या अभ्यासांची २०१५ साली छाननी झाली त्यात तर एकूणात ठोस असं काही हाती लागलं नाही.

आता मनाने कॅन्सर हरवण्याची गोष्ट. १९८९ साली डेव्हिड स्पीगल या डॉक्टरचा एक अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या ८६ बायका, त्यातल्या काही जणी दर आठवड्याला एकत्र बसून मन मोकळं करायच्या, आणि त्या गटातल्या बायका सरासरी साधारण दीड वर्ष जास्त जगल्या. जगभर आनंदीआनंद. मग कॅनडात २३५ बायकांवर तेच करून बघितलं, २००१ साली निकाल आला, आयुष्यात काही फरक नाही. २००७ मध्ये स्पीगलने स्वतः पुन्हा केलेल्या अभ्यासातही एकूण आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही, आणि तसं त्याने छापलंही, हे त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल सांगितलंच पाहिजे. त्याच वर्षी जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी डोकं आणि मानेच्या कॅन्सरचे एक हजाराहून जास्त पेशंट तपासले, म्हणजे आपल्याकडे तंबाखू-गुटख्यामुळे घरोघरी दिसतो तो प्रकार, आणि मनाची अवस्था चांगली असण्याचा जास्त जगण्याशी संबंध आढळला नाही. मग हसऱ्या पेशंटला रोगाने सोडलं आणि रडक्याला नेलं हे आपण कशाच्या आधारावर म्हणतो? न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात आयुष्य घालवलेल्या जिमी हॉलंड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी या सक्तीला सकारात्मक विचारांची जुलूमशाही म्हणून ठेवलंय. मला तो शब्द कडक वाटायचा, आता वाटत नाही. आधीच शरीर गेलेल्या माणसाला वरून सांगायचं की तुझं मनही कमी पडलं, याला दुसरं काय म्हणणार.

पण कॅनडाच्या त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली होती जी घाईत बाजूला पडते. एकत्र बसणाऱ्या बायका जास्त जगल्या नाहीत, पण ज्या मुळात जास्त खचलेल्या होत्या त्यांना बरं वाटलं आणि वेदना कमी जाणवल्या. हे काय कमी आहे? आयुष्य वाढलं नाही म्हणून ते फुकट गेलं असं कसं म्हणायचं?

आणि तक्रारीचाच विषय निघालाय तर हेही सांगते. २०१७ साली ईथन बाश या डॉक्टरच्या टीमने ७६६ पेशंटवरचा एक अभ्यास छापला. सगळ्यांचा कॅन्सर पसरलेला. काहींना नुसते नेहमीसारखे उपचार आणि बाकीच्यांना जोडीला एक काम, आपल्याला काय काय त्रास होतोय ते टॅबलेटवर किंवा कॉम्प्युटरवर नियमित भरायचं, मळमळ किती, दुखतंय किती, धाप लागते का, जेवण जातं का. त्रास वाढला की नर्सला ईमेल जायची. तक्रार भरणाऱ्यांतले निम्मे ३१.२ महिन्यांपेक्षा जास्त जगले, नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांतले निम्मे २६ महिन्यांपेक्षा. नंतरच्या एका मोठ्या ट्रायलमध्ये आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही, पण त्रास जास्त आटोक्यात राहिला, त्यामुळे मी याचाही ढोल वाजवणार नाही, नाहीतर माझ्यात आणि कृतज्ञतावाल्यांत फरक काय राहिला. एवढंच लक्षात घ्या की यात लोकांनी जे भरलं ते सगळं रडगाणं होतं, फरक एवढाच की ते कोणीतरी वाचत होतं. आपल्याकडे राऊंडला डॉक्टर आले की पेशंट म्हणतो 'बरं आहे' आणि मागे उभी असलेली मुलगीही मान डोलावते, कारण डॉक्टरांचा वेळ जायला नको, आणि जुलाब झाले हे सगळ्यांसमोर कसं सांगणार. त्या वहीतल्या बाईने पायांना मुंग्या येतात हे वहीत कितीतरी आधी लिहिलंय आणि डॉक्टरांना फार उशिरा सांगितलंय. वही कोणी तेव्हाच उघडली असती तर निदान डोस तरी बघितला गेला असता.

आता समोरच्यांचे खरे मुद्दे, जे मी टाळणार नाही. पहिला, दुःखात लिहिल्याने दुःख हलकं होतं हेही सिद्ध झालेलं नाही. २००२ साली स्ट्रोबे दांपत्याने आणि सहकाऱ्यांनी जोडीदार गेलेल्या लोकांवर हेच तपासलं, लिहिणारे आणि न लिहिणारे, आणि लिहिणाऱ्यांचं दुःख लवकर ओसरलं असं काही दिसलं नाही. काही माणसं लिहिता लिहिता त्याच जागी घुमत राहतात हेही खरं आहे. पेनेबेकर स्वतः सांगतो की लिहिताना फारच त्रास व्हायला लागला तर थांबा. मान्य, शंभर टक्के मान्य, म्हणून ज्याला लिहायचं नाही त्याच्या उशाशी डायरी आणि पेन ठेवून त्याला छळू नका. पण माझा उलटा प्रश्न असा आहे की आपण दुःखात जे जे करतो त्यातलं किती या परीक्षेत पास होईल? या गावात रोज पहाटेपासून रामकुंडावर बाहेरगावच्या गाड्या लागतात, लोक अस्थी घेऊन येतात, मुंडण करतात, कावळ्याची वाट बघत बसतात. श्राद्ध केल्याने कोलेस्टेरॉल उतरलं का असं त्यांना कोणी विचारत नाही. त्यांना तो माणूस काही एक रीतीने पोचता करायचा असतो, बस. लिहिणाऱ्यालाही बहुतेक वेळा एवढंच करायचं असतं. मग औषधाची कसोटी फक्त वहीलाच का?

लिहिणं सुखाचं असतं या समजुतीलाही एक जुना दाखला आडवा येतो. फॅनी बर्नी ही इंग्रज लेखिका १८११ साली पॅरिसमध्ये राहत होती. तिच्या स्तनात गाठ निघाली आणि नेपोलियनच्या सैन्याचा सर्जन लॅरे याने सप्टेंबरमध्ये तिच्या घरीच ऑपरेशन केलं, भूल नाही, कारण तेव्हा भूल नव्हतीच. वाइन घातलेलं काहीतरी प्यायला दिलं तेवढंच. त्याचं वर्णन तिने इंग्लंडमधल्या बहिणीला पत्रात लिहिलं, सुरी हाडाला लागल्याचंसुद्धा, आणि ते पत्र पुरं व्हायला महिने लागले. तिने त्यातच लिहिलंय की महिनोन्महिने तिला या विषयावर बोलता येत नव्हतं, लिहिताना डोकं दुखतं, आणि लिहिलेलं परत वाचायची हिंमत नाही. पुढे ती १८४० पर्यंत जगली. आता आपल्याकडचा एखादा मोटिव्हेशनल वक्ता यातून काय काढेल ते मला आत्ताच ऐकू येतंय, की बघा लिहिलं म्हणून २८ वर्षं जगली. पत्र वाचलं तर असं काहीच निघत नाही. तिला त्यातून आराम मिळाला नाही, तिने तरी लिहिलं, कारण तिच्या बहिणीला खरं काय झालं ते तिच्याकडून कळायला हवं होतं. आज त्या काळच्या अशा ऑपरेशनबद्दल टेबलावर झोपलेल्या बाईच्या बाजूने आपल्याला काही कळतं ते अशा पत्रामुळे. सर्जनच्या कागदात ते कुठून येणार?

परदेशी उदाहरण नको असेल तर घरचं घ्या. दुःख चव्हाट्यावर मांडणं ही आपली संस्कृती नाही असं जे सुनावतात त्यांनी मराठी कधी वाचलीय का असा मला प्रश्न पडतो. १६३० च्या आसपासच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको गेली, आणि तुकोबांनी ते गोल गोल न सांगता सांगितलं, 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली'. नवऱ्याला बायकोला जेवू घालता आलं नाही याहून मोठी घरातली गोष्ट कोणती? ती चारशे वर्षं टाळमृदंगावर गायली जातेय आणि कोणी म्हणत नाही की तुकोबांनी जरा चांगल्या आठवणी सांगायच्या. त्याच्या आधी १२९६ साली ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली त्यावरचे नामदेवांच्या नावावरचे अभंग काढा, रडणं आहे सगळं, मित्र गेल्याचं भरभरून रडणं. आणि जात्यावरच्या ओव्या? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात देव आहे, भाऊ आहे, माहेर आहे, तशी सासूही आहे, नवऱ्याची मारहाण आहे, मेलेलं लेकरू आहे. पहाटे जात्यावर बसून बायका तेच करत होत्या जे ही बाई रात्री ओट्यापाशी करत होती, आणि शेजारणीला भिंतीपलीकडे ऐकू जायचं, त्याचं काही वाटायचं नाही कोणाला.

नाशिककरांना तर याहून जवळचं सांगता येईल. लक्ष्मीबाई टिळक आपल्या जलालपूरच्या, जन्म १८६८. नवऱ्याने १८९५ मध्ये धर्म बदलला, त्यानंतरची त्यांची फरफट, सासर-माहेरची माणसं, नवऱ्याचा संताप, प्लेगचे कॅम्प, सगळं 'स्मृतिचित्रे'त नावानिशी आलंय. टिळक १९१९ ला गेले आणि पुस्तक १९३४ पासून भागाभागाने आलं, म्हणजे गेलेल्या नवऱ्याबद्दलच लिहिलेलं आहे, आणि तो नवरा साधासुधा नव्हता, नामवंत कवी होता, लोक त्याला पूज्य मानायचे. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हा नियम लक्ष्मीबाईंनी पाळला असता तर टिळकांचा फोटो राहिला असता, माणूस राहिला नसता. वाचून टिळकांबद्दल कोणाला राग येतो का? मला तर ते पुस्तक वाचूनच आवडायला लागले.

तरी पहिल्या पार्टीचा एक मुद्दा मी बाजूला टाकू शकत नाही. ताट-वाटी वेगळं ठेवणाऱ्या सासूबाई आज आहेत. त्यांना दिसायला कमी येतं, उत्तर लिहिता येत नाही, आणि आता अख्ख्या कॉलनीला त्यांचं ताट माहीत झालंय. लिहिणं आणि छापणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे खरंय. लिहिताना कोणाची परवानगी लागत नाही, छापताना जिवंत माणसाचा विचार लागतो. मी त्या घरात असते तर ती पानं आधी सासूबाईंना वाचून दाखवली असती, आणि त्यांनी काही म्हटलं असतं तर तेही शेजारी छापलं असतं. पण ती पानं वगळली मात्र नसती. त्या नवऱ्याची बाजू घेऊन एक सांगावंसं वाटतं, त्याने स्वतःला वाईट दिसणारं एकही वाक्य काढलेलं नाही, जिन्यातलं रडणं ठेवलंय, पैशावरून तो एकदा तिच्यावर ओरडला तेही ठेवलंय. आणि वहीच्या पहिल्या पानावर तिच्याच अक्षरात आहे की वाचायची तर सगळी वाचा. यापेक्षा स्पष्ट संमती मेलेलं माणूस आणखी काय देणार? ज्यांना चांगल्या आठवणींचीच पुस्तिका हवी होती त्यांना तिचं हे पहिलंच वाक्य मोडायला हवं होतं.

मग येतो 'लढ'. या गावात कॅन्सर पेशंटला भेटायला गेलेला प्रत्येक माणूस निघताना कुसुमाग्रज म्हणून दाखवतो, पाठीवर हात ठेवतो आणि म्हणतो लढ. तात्यासाहेबांच्या गावात हे होणारच, पण निदान ती 'कणा' कविता पुरी तरी आठवा. पावसात भिजलेला तो विद्यार्थी सरांकडे येतो तो आधी काय करतो? सगळं गाऱ्हाणं सांगतो. नदी घरात शिरली, भिंत खचली, चूल विझली, होतं नव्हतं गेलं, बायको वाचली तेवढी. सर खिशात हात घालतात तर तो म्हणतो पैसे नकोत, जरा एकटेपणा वाटला. आणि हे सगळं सांगून झाल्यावर 'लढ म्हणा' तो स्वतः मागतो. आपण काय करतो तर त्याचं ऐकून घ्यायच्या आधीच पाठीवर हात मारून मोकळे होतो. सांगायचा भाग कापला आणि लढायचा भाग त्याच्या गळ्यात बांधला. आणि या लढाईचा शेवटही ठरलेला असतो, दुसऱ्या दिवशी पेपरात चौकटीत येतं की कर्करोगाशी झुंज अपयशी. म्हणजे मेला तोही वर नापास होऊन. सुसान सोंटॅग या अमेरिकन लेखिकेला स्वतःला कॅन्सर झाला होता, तिने १९७८ मध्येच या युद्धाच्या भाषेवर अख्खा निबंध लिहून ठेवलाय, पण आपल्या चौकटी अजून तशाच येतात. जी बाई लिहिते की मला आज लढायचं नाहीये, झोपायचंय, तिला पळपुटी म्हणायचं का?

आणखी एक आक्षेप आमच्यातल्या एका काकांनी घेतला, तो मला सगळ्यात वजनदार वाटला. ते म्हणाले, हे सगळं गंगापूर रोडवाल्यांचे चोचले आहेत. सुरगाण्याहून, पेठहून एसटीने येणारा पेशंट, ज्याला योजनेत बसवण्यासाठी रेशन कार्डाच्या झेरॉक्स घेऊन चार खिडक्या फिरायला लागतात, नाहीतर पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरून टाटाच्या रांगेत उभं राहायचं आणि गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का बघायचं, तो काय वही लिहिणार? काकांचं खरं आहे, आधी औषध, आधी जागा, आधी पैसे. याच्या आड लिहिण्याचं कौतुक येत असेल तर ते कौतुक खड्ड्यात घाला. पण त्या माणसाकडे सांगायला नाही असं थोडंच आहे? बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. तरुणपणी कुंकू पुसलं गेलं त्यावर त्यांनी जे म्हटलं ते मुलाने, सोपानदेवांनी आणि घरच्यांनी कागदावर उतरवलं म्हणून आपल्यापर्यंत आलं. गरीब माणसाबद्दल तर सगळ्यात जास्त कागद तयार होतात, पण ते सगळे दुसऱ्यांनी लिहिलेले असतात. हॉस्पिटलची फाइल बघा. बायोप्सीचा नंबर आहे, गाठ किती सेंटिमीटरची ते आहे, पेशींचा काउंट आहे, योजनेचा शिक्का आहे, आणि ज्याच्याबद्दल हे सगळं आहे तो माणूस त्यात कुठेच बोलत नाही. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांकडे जुन्या वह्या असतात, कोण कुठल्या गावचा, कुणाचा नातू, कधी आला होता, पिढ्यान् पिढ्यांची नावं. मोठं काम आहे ते. पण माणूस कशाने गेला, जाताना काय म्हणाला, त्याच्या बायकोने कसं काढलं, हे त्या वहीत नसतं आणि फाइलमध्येही नसतं. या दोन कागदांच्या मधलं जे आहे ते त्याने किंवा त्याच्या घरच्यांनीच सांगायला लागतं.

इतर पेशंट घाबरतील हा मुद्दा मी थोडक्यात उरकते कारण त्यात मला दम वाटत नाही. पेशंट घाबरलेलाच असतो. तोंड येणार हे कोणी आधी सांगितलेलं नसतं तेव्हा ते आलं की त्याला वाटतं रोग तोंडात आला. त्या पुस्तिकेत बर्फाचा खडा चघळायचं आणि मऊ ब्रश वापरायचं लिहिलंय, ते वाचून कोणाचं काय वाईट होणारे?

म्हणून वाद घालायचाच असेल तर लिहावं की नाही यावर घालू नका, लिहिलेलं कोण ऐकणार यावर घाला. नाशिकमध्ये आता केमो देणारी सेंटर बरीच झाली आहेत, मुंबईच्या फेऱ्या पुष्कळ जणांच्या वाचतात. डे केअरमध्ये सलाईन तीन-चार तास चालतं आणि तेवढा वेळ पेशंट भिंतीवरच्या टीव्हीत कुठलीतरी सासू-सुनेची सिरियल आवाज बंद करून बघत असतो. गावात एवढी कॉलेजं आहेत, एनएसएसची पोरं झाडं लावून सेल्फी काढतात, त्यातल्या चार पोरापोरींना शिकवून तिथे बसवायला काय हरकत आहे, ज्याला सांगायचंय त्याचं उतरवून घ्यायला? अटी मात्र पक्क्या हव्यात. विषय द्यायचा नाही. बोली सुधारायची नाही, सुरगाण्याकडच्या आदिवासी कोकणी मावशी बोलतील तसं त्यांच्या कोकणीतच लिहायचं. शेवट गोड करायला सांगायचा नाही. फोटो नाही, हॉस्पिटलच्या पॅम्फ्लेटात छापणं नाही. त्रासाचं काही निघालं तर पेशंटला विचारून तेवढं सिस्टरला सांगायचं, आणि कागद घडी करून पेशंटच्या हातात द्यायचा. मग तिने तो पिशवीत ठेवला, लेकीला दिला की सीबीएस स्टँडवर एसटीत बसायच्या आधी फाडून टाकला, त्याची चौकशी करायला परत जायचं नाही.